मुलगा दुहेरीत जिंकतो, एकेरीत हरतो. फक्त दुहेरीवर टेनिसमध्ये करिअर होईल का?

तुमचा मुलगा 15 वर्षांचा, नाशिकमध्येच खेळतो आणि "एकेरी जमत नाही ते दुहेरी खेळतात" असं त्याला ऐकवलं जातं, असं तुम्ही लिहिलंय. गंगापूर रोडच्या कोर्टांवर हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकतोय. साफ चुकीचं आहे. भारताचा रोहन बोपण्णा एकेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये कधीच आला नाही. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकला आणि 43व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला.

दुहेरीचं डोकंच वेगळं. मागच्या थंडीत इथल्याच एका सामन्यात ड्यूस झाला, म्हणजे 40-40, पुढच्या एका पॉइंटवर गेम. नेटवरच्या मुलाने पाठीमागे पंजा उघडून दाखवला, म्हणजे मी मध्ये जाणार. अशा वेळी सर्व्हिस टीवर, म्हणजे सर्व्हिसच्या दोन चौकोनांमधली रेष मागच्या रेषेला मिळते त्या कोपऱ्यात, पडायला हवी, कारण मधून रिटर्न मारणाऱ्याला कोन मिळत नाही. जोडीदाराने मारली बाहेरच्या कोपऱ्यात. नेटवरचा ठरल्याप्रमाणे मध्ये गेला, रिटर्न सरळ रेषेत, त्याने सोडलेल्या कडेच्या पट्टीत. बाहेरून वडील ओरडले, "जागा सोडून कशाला पळालास?" तो बिचारा पुढचे दोन गेम पट्टीला चिकटून उभा राहिला आणि तिथेच सेट गेला. पॉइंट घालवला होता सर्व्हिसने!

नेटवरच्या मुलाचीही एक चूक होती, पण वेगळी. सर्व्हिसचा चेंडू टप्पा खाण्याआधीच तो निघाला. समोरच्याची रॅकेट पुढे यायला लागली की निघायचं, त्याआधी नाही. आणि नेटला समांतर नाही, तिरकं पुढे, नेटच्या मधोमध असलेल्या उभ्या पट्ट्याकडे. तिथे नेट 91 सेंटिमीटर, खांबाशी 107. समांतर धावलात की चेंडू नेटच्या खाली गेल्यावर हाताला लागतो आणि व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीचा फटका, वर उचलावी लागते.

सरावात टीवर शंकू ठेवून रोज 40 सर्व्हिस, शंकूला लागलेल्या मोजायच्या. डिसेंबरात सकाळी दवाने चेंडू जड होतो, किक, म्हणजे उंच उसळणारी सर्व्हिस, उसळत नाही. तेव्हा स्लाइस, म्हणजे कडेने फिरकी दिलेली खाली राहणारी सर्व्हिस, मारायची. रिटर्न जोरात नको, सर्व्हिस करून पुढे येणाऱ्याच्या पायाशी हवा.

आता एक गोष्ट, जी आधीच सांगायला हवी होती. एकेरी आत्ताच सोडू नका. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) ज्युनिअर क्रमवारीत एकेरीचे सर्वोत्तम सहा निकाल पूर्ण धरतात, दुहेरीच्या सहांचे फक्त पाव गुण. निव्वळ दुहेरीवर तो मोठ्या ज्युनिअर स्पर्धांच्या यादीतच येणार नाही. पुढे व्यावसायिक स्पर्धांतही दुहेरीचं बक्षीस एकेरीपेक्षा कमी, त्याचेही दोन वाटे, आणि प्रवास ज्याचा त्याचा. बोपण्णाही आधी बरीच वर्षं एकेरी खेळलाच.

पण दुहेरीचा जोडीदार आजपासून एकच ठेवा. दर स्पर्धेला नवा मुलगा शोधणारे पालक इथे फार आहेत. पाठीमागची खूण बघून त्याच जागी सर्व्हिस टाकणारा जोडीदार घडायलाच वर्ष जातं.