बीएस्सीच्या प्रोजेक्टला पीएचडीवाली ताई नुसत्या बाटल्या धुवायला लावते, काय करू?

तुझा प्रश्न वाचून आधी हसू आलं आणि मग जरा ओशाळायला झालं, कारण ती ताई मीपण असू शकते. सांगलीत मायक्रोबायोलॉजीत पीएचडी चाललीय, चौथं वर्ष, आणि दरवर्षी सर बीएस्सीची दोन-तीन पोरं माझ्याकडं ढकलतात. तू लिहिलंयस दीड महिना झाला, प्लेटा (बुरशी वाढवायच्या काचेच्या चपट्या बशा) आणि फ्लास्क धुतोय, यात रिसर्च कुठाय.

बाटल्यांचं आधी सांगते. काचेला साबण राहिला तर बुरशी कमी वाढते नाहीतर वाढतच नाही, आणि आपल्याला वाटतं आपलं ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) लय भारी काम करतंय. 121 डिग्रीला ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाच्या वाफेत ठेवलं, की जंतू मरतात, साबण काय जात नाही. त्यामुळं सुरुवातीला धुवायला लावलं यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, चुकलं ते एवढंच की का धुवायचं हे सांगितलं नाही. मीपण सांगत नव्हते. माझ्या कोर्सवर्कला रिसर्च मेथडॉलॉजी होती, पब्लिकेशन एथिक्स होतं, पण पोराला हाताखाली कसं घ्यायचं यावर एक तास झाला नाही.

मागच्या वर्षी तासगावकडचा एक पोरगा होता, घरी हळद. माझं काम हळदीच्या कंदकुजीवर, म्हणून तो खूश. प्लेटच्या एका कडेला कुजवणारी पिथियम लावायची (बुरशी म्हणते सोयीसाठी, शास्त्रात तिला खऱ्या बुरशीत धरत नाहीत), समोर ट्रायकोडर्मा, आणि कंट्रोलच्या प्लेटमध्ये नुसती पिथियम. कंट्रोलमध्ये किती वाढली, समोर ट्रायकोडर्मा असताना किती, त्या फरकावरनं किती टक्के रोखली ते काढायचं. मी त्याला पट्टी दिली आणि म्हटलं, मोज. आम्ही शनिवारी प्लेटा लावायचो आणि सोमवारी रीडिंग, कारण रविवारी कोण येणार, त्याला तर एसटी पण धड नसायची. तिसऱ्या आठवड्यात तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, कंट्रोलची पिथियम तर पलीकडच्या काठाला टेकलीय, जागा असती तर अजून किती वाढली असती ते आपल्याला कसं कळणार?"

मी गप्पच. पिथियम इतकी वेगात वाढते की दोन दिवसांत 90 मिमीची प्लेट भरते, म्हणजे कंट्रोल काठाला अडलेला आणि आम्ही त्यालाच पूर्ण वाढ धरून बसलेलो, टक्के सगळे कमी येत होते. माझी आधीची दोन महिन्यांची रीडिंगं गेली. आणि सगळ्यात वाईट काय, त्याला हे पहिल्याच आठवड्यात दिसलेलं, पण ताई रागावतील म्हणून बोलला नाही! त्यानंतर आम्ही सोमवारी लावायला लागलो आणि मंगळवारपासनं रोज मोजायला लागलो.

म्हणून तू काय कर, तिला सरळ विचार, "ताई, मी जे करतोय त्यातनं तुम्हाला काय बघायचंय?" आठवड्यातली वीस मिनिटं ठरवून माग, ती जर्नलच्या रिव्ह्यूवर रडत असताना जाऊ नको. वही स्वतःची ठेव, तारीख घालून, फसलेलं पण लिही. पोस्टर किंवा आविष्कारला (विद्यापीठांची संशोधन स्पर्धा) एन्ट्री द्यायची असेल तर कुणाचं नाव कुठं हे आधीच बोलून घे, नंतर फार कडू होतं. सरांकडं लगेच तक्रार घेऊन जाऊ नको, कारण उद्या एमएस्सीला शिफारसपत्र लागलं की सही सर करतात पण पोरगा कसाय हे ते आमच्यासारख्यांनाच विचारतात. तरी महिनाभरात काहीच हललं नाही तर मात्र जा, बिनधास्त.

आता नव्या शैक्षणिक धोरणात सहा सेमिस्टरला 75 टक्के असले की चौथं वर्ष रिसर्चचं घेता येतं, 12 क्रेडिटचा प्रोजेक्ट. गाईड म्हणून नाव सरांचं, पण रोजचं बघणं आमच्यावरच येणार, दिसतंयच.

आणि हो, धुतल्यावर शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं विसळ. पाणी काचेवरनं एकसारखं ओघळलं पाहिजे, थेंब थेंब चिकटून राहिले तर परत धू.