इटलीच्या युव्हेंटस फुटबॉल क्लबवर डोपिंगची केस झाली होती ना, मग त्यांनी जिंकलेली 1996 ची चॅम्पियन्स लीग ट्रॉफी काढून का नाही घेतली?

कारण खटला खेळाडूंवर नव्हताच. 1998 मध्ये रोमा या दुसऱ्या इटालियन क्लबचे कोच झेमन फुटबॉलमधल्या औषधांच्या वापराबद्दल उघड बोलले, मग तुरिनमध्ये चौकशी लागली आणि केस उभी राहिली ती युव्हेंटसचे डॉक्टर अग्रिकोला आणि डायरेक्टर जिराउदो यांच्यावर. 2004 ला डॉक्टरला 22 महिन्यांची शिक्षा झाली, जिराउदो सुटले, 2005 ला अपीलात डॉक्टरही सुटले. युव्हेंटसचे फॅन इथेच थांबतात आणि म्हणतात बघा निर्दोष, पण 2007 ला इटलीच्या सर्वोच्च कोर्टाने ती सुटका चुकीची ठरवली, फक्त तोवर खटला चालवायची कायदेशीर मुदत संपली होती म्हणून पुढे काहीच झालं नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने (खेळातले वाद सोडवणारी संस्था) 2005 मध्येच सांगितलं होतं की जे औषध बंदीच्या यादीत नाही त्यावर क्रीडा कारवाई करता येत नाही. मला हे फार खटकतं, खेळाडूंच्या तब्येतीचं कोणी विचारलंच नाही.