लोक परदेशी कामाला फक्त पगारासाठी जातात का? आणि त्यातून आपल्या देशाचा फायदा होतो की तोटा?

वाशीतल्या एका बँकेत परदेशातून येणाऱ्या पैशांचं काम मी बरीच वर्षं बघते आहे. त्या टेबलावरून जे दिसतं, ते सांगते.

पगार हे कारण आहेच, पण खरा हिशोब शिलकीचा असतो. मुंब्रा-कौशातला एखादा एसी मेकॅनिक सौदीतल्या दम्मामला महिना 1,800 रियालवर जातो, म्हणजे 40 हजारांच्या वर. इथे त्याला वीस-बावीस हजार मिळत असतात. तिथे राहणं-खाणं कंपनीकडे असेल, तर तीसेक हजार घरी येतात. इथे भाडं, किराणा, लोकलचा पास भागवून हातात काहीच उरत नाही. त्यात सौदीचा रियाल आणि अमिरातीचा दिरहम डॉलरला बांधलेले, म्हणजे डॉलरशी त्यांचा दर ठरलेला, त्यामुळे रुपया घसरला की त्याच पगाराचे इथे जास्त रुपये होतात. अशा दिवशी आमच्याकडे सकाळपासून एकच चौकशी असते: "मॅडम, आज रेट काय?"

पण अगदी गरीब माणूस सहसा जाऊच शकत नाही. मेडिकल, तिकीट, एजंट यांत जमा असेल ते संपतं, मग बायकोचे दागिने गहाण पडतात. कितीतरी घरांत सुरुवातीचे कित्येक महिने आलेला पैसा आधी सोनं सोडवायला जातो. घरदुरुस्ती आणि मुलांची शाळा त्यानंतर. धंद्यात पैसा घालणारी घरं मला फार थोडी दिसली, आणि याचं मला वाईट वाटतं.

देशाच्या बाजूने बघितलं, तर परदेशातून घरी पाठवलेला पैसा जगात सर्वांत जास्त भारतात येतो, 2022 पासून वर्षाला 100 अब्ज डॉलरच्या वर. आपली आयात निर्यातीपेक्षा जास्त आहे, ती तूट भरायला याचा मोठा आधार होतो. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत यातला 20.5 टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा होता, केरळपेक्षाही थोडा जास्त. पैसा जिथून येतो त्या देशांमध्ये अमेरिका 27.7 टक्क्यांवर आणि अमिराती 19.2 वर.

अमेरिका आणि आखात यांतला फरक नीट समजून घ्या. आखाती देश कामगाराला सहसा नागरिकत्व देत नाहीत. बायकामुलं इथेच राहतात, म्हणून कमाईतला मोठा भाग इथे येतो आणि शेवटी माणूसही परत येतो. ऐरोलीहून अमेरिकेला गेलेल्या इंजिनिअरचा संसार मात्र तिकडेच उभा राहतो. त्याचे पैसे येतात ते आई-वडिलांच्या औषधपाण्याला किंवा खारघरच्या फ्लॅटला. त्याच्या शिक्षणावर इथे झालेल्या खर्चाचा लाभ त्या देशाला होतो. आणि माझ्या मते अशा खरेदीमुळे इथल्या पगारावर घर शोधणाऱ्याला भाव आणखी चढे पडतात.

आखाताचा धोका वेगळा. 1973 नंतर तेल महागलं आणि तिथे कामं निघाली. तेल उतरलं की बांधकामं थांबतात आणि आधी मजूर घरी पाठवले जातात. कर्ज फिटायच्या आत परत आलेल्या माणसाची अवस्था फार बिकट होते.

म्हणून तुमच्या घरातलं कोणी आखातात निघालं असेल, तर एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नियमाप्रमाणे तो सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेऊ शकतो. त्याहून जास्त मागितलं तर दागिने काढू नका. दहावी न झालेल्यांना आखातासह 18 देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते. एजंटने व्हिजिट व्हिसावर पाठवायचं म्हटलं, तर ती मंजुरी टाळली जाते आणि पुढे पगार अडला की दाद मागणं फार अवघड होतं.