व्यावसायिक खेळाडूंमध्ये कोरोनाची लागण कितपत होत होती?
दुर्मीळ नक्कीच नव्हती, पण सगळीकडे सारखीही नव्हती. खेळाडू बाहेर वावरत होते की बायो-बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क तोडलेल्या बंदिस्त व्यवस्थेत, यावर बरंच ठरायचं. यातलं सर्वांत बोलकं उदाहरण एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं. २३ जून २०२० रोजी तिथल्या ३०२ बास्केटबॉलपटूंची चाचणी झाली आणि १६ पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे साधारण पाच टक्के. जुलैमध्ये फ्लोरिडातल्या बबलमध्ये ३४६ जणांना तपासलं, तर एकही नाही. अर्थात बबल फुटायलाही वेळ लागत नाही. आयपीएल २०२१ मध्ये ३ मे रोजी कोलकात्याचे दोन खेळाडू पॉझिटिव्ह आले, दुसऱ्या दिवशी हैदराबाद आणि दिल्लीचा एकेक, आणि लगेच स्पर्धा थांबली. उरलेले सामने सप्टेंबरपासून यूएईत झाले. ओमायक्रॉनच्या लाटेत, डिसेंबर २०२१ मधल्या एका आठवड्यात इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेत खेळाडू आणि कर्मचारी मिळून १०३ जण पॉझिटिव्ह सापडले. फक्त हे आकडे सामान्य लोकांच्या आकड्यांशी थेट ताडू नका. खेळाडूंची चाचणी लक्षणं नसतानाही वारंवार व्हायची, आपल्यातले बरेच जण ताप आल्याशिवाय चाचणीकडे फिरकतही नव्हते.