‘सिन्स’ आणि आपले ‘पासून’

मिरजेच्या एका पालकांनी विचारले आहे की इंग्रजीत वेळ सांगताना ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ यांपैकी कोणते केव्हा वापरावे, आणि मुलीच्या ‘आय ॲम लर्निंग तबला सिन्स टू इयर्स’ या वाक्याचे गुण का कापले. पहिल्या प्रश्नात फारसे काही नाही. घड्याळातल्या वेळेला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’. सकाळ नुसती असेल तर ‘इन द मॉर्निंग’, वार जोडला की ‘ऑन मंडे मॉर्निंग’, आणि रात्र मात्र ‘ॲट नाइट’, एवढे पाठच करावे.

‘सिन्स’चे प्रकरण वेगळे आहे. सांगलीतल्या नोकरीच्या अर्जांपासून साताऱ्यातल्या सत्कार समारंभांच्या सूत्रसंचालनापर्यंत ‘सिन्स लास्ट टेन इयर्स’ इतक्यांदा कानांवर आदळते की वीट यावा. आणि व्याकरणाच्या बाबतीत ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही त्या दुकानांच्या पाट्यांवरचे ‘सिन्स १९६२’ मात्र बिनचूक असते.

जुन्या इंग्रजीत ‘सीथ’ म्हणजे ‘नंतर’. त्याला ‘ते’ या अर्थाच्या सर्वनामाचे रूप जोडून ‘सिथ्थान’, म्हणजे ‘त्यानंतर’, हा शब्द झाला. पुढे त्याचा ‘सिथेन’ झाला, त्याला षष्ठीचा ‘स’ लागून ‘सिथेन्स’, आणि तोच झिजून ‘सिन्स’. ‘वन्स’ आणि ‘ट्वाइस’ यांच्या शेपटाला जो ‘स’ आहे तो हाच, हे पाहून मला आजही मौज वाटते. आपले ‘पासून’ आले ‘पार्श्व’वरून, म्हणजे ते मुळात जागेचे. म्हणून ते ‘साताऱ्यापासून कराडपर्यंत’ चालते, ‘लहानपणापासून’ चालते आणि ‘दोन वर्षांपासून’ही चालते. ‘सिन्स’ जन्मतःच काळाचा शब्द असल्यामुळे रस्त्याच्या अंतराला तो लागतच नाही, तेथे ‘फ्रॉम’ लागते. ‘सिन्स’पुढे ‘टू इयर्स’ घालण्याची आपली चूक या जागेच्या सवयीतून येते, असे माझे ठाम मत आहे.

‘सिन्स’पुढे कालावधी घालणे तर्काला धरून नाही, असे व्याकरणाच्या मार्गदर्शिका बजावतात, ते मला मुळीच मान्य नाही. त्याच कुळातला जर्मन ‘झाइट’ हा शब्द ‘दोन वर्षे’ खुशाल पुढे घेतो, आणि तोही आपल्यासारखाच वर्तमानकाळाबरोबर. तेव्हा हा तर्काचा नियम नसून इंग्रजीची रूढी आहे, आणि इंग्रजी लिहायचे तर ती पाळावी लागते: आरंभबिंदूला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’.

मुलीने ‘आय हॅव बीन लर्निंग तबला फॉर टू इयर्स’ असे लिहावे. गुरुजींनी ‘सिन्स’वर काट मारून ‘फॉर’ लिहिले असेल आणि ‘आय ॲम लर्निंग’ तसेच ठेवले असेल, तर निम्मे गुण त्यांचेही कापायला हवेत.