डेंग्यूत टी३ कमी आलं, म्हणून लगेच टी३ची गोळी?

ताई, आईंचं रक्त डेंग्यूमुळे ॲडमिट असताना तपासलंय, हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. त्या थायरॉइडसाठी टी४ची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेतात. टी४ आणि टी३ ही थायरॉइडची दोन हॉर्मोनं; टीएसएच हे ग्रंथीला हुकूम देणारं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं हॉर्मोन. रिपोर्टात टीएसएच आणि टी४ नॉर्मल, टी३ तेवढं कमी. त्यावरून ‘५०ची गोळी अंगात टी३मध्ये कन्व्हर्टच होत नाही, टी३ची वेगळी गोळी आणि सेलेनियम चालू करा’ हा नातेवाइकांचा सल्ला मला पटत नाही.

थायरॉइड ग्रंथी रक्तातलं आयोडाइड ओढून घेते. आत थायरोग्लोब्युलिन नावाचं भलंमोठं प्रथिन साठवलेलं असतं. त्यातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर आयोडीन चढवण्याचं काम थायरॉइड पेरॉक्सिडेज हे एन्झाइम करतं (रिपोर्टातल्या ‘अँटी-टीपीओ’मधलं टीपीओ ते हेच). एका टायरोसिनवर एक किंवा दोन अणू बसतात. दोन-दोनवाले जुळले की टी४, एक आणि दोनवाला जुळला की टी३. हा माल प्रथिनाला चिकटूनच पडून असतो, दोनेक महिने सहज पुरेल इतका. टीएसएचचा हुकूम आला की पेशी ते प्रथिन गिळून तोडतात आणि हॉर्मोन रक्तात सोडतात.

बाहेर पडतं ते मुख्यतः टी४, दिवसाला ८० ते १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. रोजच्या टी३पैकी सुमारे ८० टक्के ग्रंथीबाहेरच, टी४मधला एक आयोडीन काढून बनतं. टी४ म्हणजे शिधा. कुठल्या घरी किती शिजवायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. यकृत, मूत्रपिंड, स्नायू, मेंदू, सगळीकडे डीआयोडिनेज एन्झाइम हे काम करतात. पिट्युटरीसुद्धा स्वतःपुरतं टी३ स्वतः बनवते आणि त्यावरूनच टीएसएच किती सोडायचं ते ठरवते. या डीआयोडिनेजांमधलाच एक प्रकार मात्र टी४मधला भलताच अणू काढतो, मग रिव्हर्स टी३ तयार होतं, जे जवळपास निकामी.

मोठा ताप, ऑपरेशन, पोटात अन्न नसणं, अशा वेळी टी३ बनणं मंदावतं आणि हॉर्मोन निकामी करण्याकडे शरीराचा कल वाढतो. थायरॉइड ठणठणीत असलेल्या माणसाचंही टी३ तेव्हा घसरतं. म्हणून आई पूर्ण बऱ्या झाल्यावर, सहा-आठ आठवड्यांनी, टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तात मोकळं फिरणारं टी४) पुन्हा करा. तोवर डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका.

टीएसएच नॉर्मल असूनही थकवा न जाणारे पेशंट असतात, हे खरं. पण टी३ची गोळी एंडोक्रिनोलॉजिस्टनेच, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरनेच, ठरवावी. टी४ आठवडाभर टिकून राहतं, टी३चा जोर एका दिवसात निम्मा होतो. त्या चढउतारात वयस्कर माणसाला धडधड सुरू व्हायला वेळ लागत नाही.

सेलेनियम हे खनिज टी४चं टी३ करणाऱ्या डीआयोडिनेज एन्झाइमना लागतं, पण कमतरता नसताना ते जादा घेतलं की केस गळतात, नखं तुटतात. म्हणजे ज्या तक्रारीसाठी लोक घेतात, तीच पदरात!

त्यापेक्षा घरी एवढं बघा: गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर आणि चहाच्या अर्धा-एक तास आधी जाते ना? कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तास लांब आहे ना? केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर लॅबला आधीच सांगा. त्याने रिपोर्टाचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीआधी दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात.