पोट फुगलेला रोहू आणि पाकिटातले चांगले जंतू

प्रश्न: नमस्कार ताई, राहायला बडोद्याच्या दांडिया बाजारात, तळं वाघोडियाच्या बाजूला, अर्ध्या एकराचं, रोहू-कटला सोडलेत (सोसायटीत मासे हा शब्द हळूच बोलावा लागतो ते वेगळं). आठ दिवस झाले, काही रोहूंच्या अंगावर लाल चट्टे, दोघा-तिघांचं पोट फुगून खवले सीताफळासारखे उभे. दुकानदाराने ॲन्टिबायोटिक आणि प्रोबायोटिक दोन्ही दिलं, म्हणे एकत्रच खाद्यात कालवा. कालवू का?

उत्तर: अजिबात नको दादा! प्रोबायोटिक म्हणजे पाकिटातले चांगले जिवंत जंतू, एका हाताने ते सोडायचे, दुसऱ्याने मारायचे, आणि पैसे दोन्हीचे दुकानदाराला. लक्षणं एरोमोनास या जंतूची वाटतात, तो पाण्यात असतोच, पाणी बिघडलं, मासा थकला की डोकं वर काढतो, पण नुसतं वाचून मी छातीठोक सांगणार नाही, आजारी मासा जिवंत असतानाच मत्स्योद्योग खात्याच्या माणसाला दाखवा. ॲन्टिबायोटिक लागलंच तर त्यांना विचारूनच, आणि क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानला तर बंदीच आहे.

आता प्रोबायोटिक. सुरतच्या मेमूत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे बॅसिलस, लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू आतड्यात आधी जाऊन बसतात, वाईट जंतूंच्या वाट्याचं खाणं, लोह पळवतात, काही तर त्यांना मारणारी द्रव्यंपण सोडतात. पण गाडी भरल्यावर रुमाल टाकून काय उपयोग? शिवाय आजारी मासा खातच नाही, मग खाद्यातलं पोटात जाणार कसं.

आणि लॅबमध्ये चाललं म्हणजे तळ्यात चालेलच असं नाही बरं का. डेन्मार्कच्या संशोधकांचा सुडोमोनास फ्लुओरेसेन्स या जंतूचा एक स्ट्रेन (वाण) होता, 1999 मध्ये त्यामुळे ट्राउट माशांत व्हिब्रिओ या रोगजंतूने होणारी मर कमी झाली, म्हणून मग सॅमन माशाच्या फुरुन्क्युलोसिस या गळवांच्या रोगावर लावून बघितला, तो रोग करणारा जंतू एरोमोनासच्याच भावकीतला. काचेच्या बशीत मस्त रोखला, माशात फरक शून्य, तेही त्यांनी 2001 ला प्रामाणिकपणे छापलं.

सध्या मेलेले काढून लांब पुरा, खाद्य कमी करा, रात्री एरेटर (पाण्यात हवा घालणारं यंत्र) चालू ठेवा. औषधाचा कोर्स संपला, मासे खायला लागले की मग बॅसिलसची पावडर थोड्या तेलात किंवा ग्वार गममध्ये कालवून गोळीखाद्याला चोळा, सावलीत वाळवा. पाण्यात टाकायची असेल तर ऊन वर आल्यावर आणि एरेटर चालू ठेवून, कारण हे जंतू पण ऑक्सिजन खातात. ब्लीचिंग किंवा परमँगनेट टाकलं असेल तर काही दिवस थांबा, नाहीतर सगळे मरतील.

आणि ते पाकीट बघा जरा, जंतूचं नाव, ग्रॅममागे सीएफयू (म्हणजे जिवंत जंतू किती) आणि एक्सपायरी छापलीये का, नसेल तर सरळ परत करा.